तुळजाक्काची कात्री

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुळजाक्का मेली, की अजून कुणाची तरी गोधडी मांडीवर घेऊन बसली आहे, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे माझी ती अडचण नाही. मी बोलणार.

माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची बदली चेन्नईला झाली आणि आम्ही अण्णा नगरात एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. मोबाइल नुकते हातात आले होते, नळाला पाणी नव्हतं, आणि दिवसाआड पाण्याची लॉरी आली की अख्खी गल्ली प्लॅस्टिकच्या रंगीत घागरी घेऊन धावायची. खालच्या मजल्यावर घरमालकाची थोरली बहीण राहायची. मालक सिंगापुरात, त्यामुळे घरावर राज्य हिचं. मालकानं फोनवर सांगितलं होतं, "आम्ही तंजावरचे मराठी. अक्का तुमच्याशी मराठीतच बोलेल." मला कोण आनंद झाला! परक्या मुलखात आपलं माणूस मिळालं, असं मी कराडला आईला लगेच कळवूनही टाकलं.

आपलं माणूस! पहिल्याच दिवशी दोन्ही हातांत घागरी घेऊन जिना चढत होते. ही दारात बसलेली. बुटकी, सत्तरीच्या आसपासची, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली बोटभर कात्री. साडीवर इतके मांजराचे केस की मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये.

"पुणेंवाली कां तूं?"

"नाही अक्का, कराडची."

"तेंच तें," तिनं मान उडवली. "काय मराठी बोलत्येस गो! पेपर वाचल्यासारखें. तुम्हीं लोकांनीं भाषा बिघडवून टाकली मा."

दर चौथा शब्द तमिळ, सूर अख्खा तमिळ, आणि भाषा म्हणे आम्ही बिघडवली! मी घागरी घेऊन तशीच वर गेले. पुढची चार वर्षं मी तिच्या लेखी पुणेंवालीच राहिले. कराड कुठं, पुणं कुठं हे मी तिला नकाशा काढून दाखवलं, तर तिनं त्या कागदावर मांजराला भात वाढला.

मांजरं तीन. नावं उप्पू, पुळी आणि मिळगा, म्हणजे मीठ, चिंच आणि मिरची. तिच्या स्वयंपाकघरात याहून जास्त काही लागायचं नाही, म्हणून असेल. त्यातली पुळी माझ्या ओट्यावर येऊन दुधात तोंड घालायची. तक्रार केली की तुळजाक्का म्हणायची, "झांकून ठेवायचें तुला कोणीं शिकविलें नाहीं?" चूक नेहमी समोरच्याची, असा एकूण खाक्या होता. लॉरीवाला चुकलेला, दूधवाला चुकलेला, सिंगापूरचा भाऊ तर जन्मापासून चुकलेला.

तिचा धंदा म्हणाल तर दुसऱ्यांच्या अर्धवट गोधड्या पुऱ्या करण्याचा. धंदा तरी कसा म्हणू? मजुरी म्हणून ती मांजरांसाठी दुधाच्या पिशव्या घ्यायची, बाकी काही नाही. कुणाच्या सासूनं सुरू केलेली, कुणाच्या मावशीची थर जमवून राहिलेली, कुणाची हौस निम्म्यावर विरलेली, अशा गोधड्या पिशव्यांतून तिच्या दारात यायच्या. राहिलेले टाके घालायचे, काठाला पट्टी लावायची, कोपरे बसवायचे आणि द्यायची. तिनं स्वतः एकही गोधडी कधी सुरू केली नाही.

"सुरुवात कोणीही करतें मा," ती म्हणायची. "शेवट करायला माणूस लागतें."

आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हणायचे. नवऱ्यापाशी मोठ्यानंही म्हणायचे.

शिवणकाम आणि स्वयंपाक ती एकाच बैठकीत करायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटई, आणि हात लांब केला की पळी पोचेल इतक्या जवळ जमिनीवर शेगडी. मांडीवर गोधडी, गोधडीवर एक मांजर, शेगडीवर रसम. घड्याळाकडे ती पाहायची नाही. "कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक हात होतो," म्हणजे एक हातभर काठ. चिंचेचं पाणी उकळेपर्यंत एक कोपरा. हिंगाची फोडणी पडली की सुई खोचून ठेवायची आणि पळी फिरवायची, मग त्याच हातानं पुन्हा सुई. तिच्या घरून गेलेल्या प्रत्येक गोधडीला हिंगाचा वास असायचा आणि लोक तो कौतुकानं हुंगायचे! मला तर शिसारी यायची.

आणि ते पोट भरण्याचं खूळ. चौथा कोपरा पुरा शिवण्याआधी ती तांदळाच्या डब्यात हात घालायची, सात दाणे मोजून कोपऱ्याच्या आत सोडायची आणि मग तोंड शिवायची. "गोधडी उपाशी मिटूं नये. पांघरणारा उपाशी राहतो."

"अहो अक्का, पण मुंग्या लागतील ना."

"मुंग्यांनीं काय उपाशी मरावें?"

कपाळ माझं!

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. नेता येणार नाही अशी गोष्ट होती ती गळ्यातली कात्री. तुळजाक्काला वाकडा टाका सहन व्हायचा नाही. राहिलेलं काम पुरं करायला दिलेली गोधडी ती आधी मांडीवर पसरायची, दुसरीनं घातलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवायची, आणि अंगठा अडखळला की कात्री चालवायची. कधी एक ओळ उसवायची, कधी अख्खी गोधडी.

एकदा शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, शोळिंगनल्लूरहून, एक मुलगी आली होती. आपल्याकडचीच, नागपूरची. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, कपाळावर गॉगल. तिनं सुट्टीच्या दिवशी बसून नऊ महिने गोधडी शिवली होती, फक्त काठाची पट्टी जमत नव्हती. मी तेव्हा भाड्याची पावती घ्यायला खाली गेले होते. तुळजाक्कानं अंगठा फिरवला.

"हें काय गो? कोंबडी चालली कां यावरून?"

मुलगी हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतायत. तोवर कात्री चाललीसुद्धा. कर्रर्र करून एक ओळ, दुसरी ओळ. पोरगी "अहो आजी, अहो आजी" करत राहिली आणि शेवटी रडायला लागली. तुळजाक्कानं तिच्यापुढे ताटली सरकवली. "जेव. रडून कोणाचा टाका सरळ झाला नाहीं." आणि ती वेडी पोर नाक पुसत सांबार-भात जेवली! महिन्यानं गोधडी न्यायला आली ती पेढे घेऊन. टाके सारे रुळासारखे सरळ. "किती सुंदर झाली हो आजी," म्हणत पाया पडली. मी वरून कठड्याला टेकून बघत होते. त्या गोधडीत आता त्या मुलीचं काय उरलं होतं? फक्त कापड! तिला ते कळलंही नाही. मला तिचाही राग आला.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा गाढवपणा किती, तेही तुम्हाला कळेल.

तिसऱ्या वर्षी माझी आई गेली. शेवटचं वर्षभर ती अंथरुणालाच होती. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, हात कापायचे, तरी भिंतीला टेकून गोधडी शिवत बसायची. तिच्या दोन नऊवारी, माझा शाळेचा निळा स्कर्ट, बाबांचं धोतर. "तुला चेन्नईत थंडी नाही, पण पंखा असतो ना रात्रभर," म्हणायची. सगळं भरून झालं होतं, काठाची एक बाजू आणि एक कोपरा तेवढा राहिला आणि ती गेली. दिवस झाल्यावर वहिनीनं गोधडी माझ्या हातात ठेवली. टाके कसे होते म्हणून काय सांगू! कुठं लांब, कुठं आखूड, ओळ मधेच उतरणीला लागलेली. मी ती रेल्वेत मांडीवरून खाली ठेवली नाही. चेन्नईला पोचल्यावरही उशाशी घेऊन झोपले.

मला शिवता येत नाही. लहानपणी आईनं शिकवायला घेतलं होतं, मी सुई टाकून पळाले. मग काठ लावणार कोण? नवरा म्हणाला, शिंप्याकडून मशीन मारून घे. आईच्या गोधडीला मशीन? शेवटी मन घट्ट करून खाली गेले.

"अक्का, ही माझ्या आईची. ती गेली. एवढा एक काठ आणि कोपरा लावून द्या. पण टाके उसवायचे नाहीत. एकही नाही."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. अंगठा गोधडीवर ठेवला आणि उचलला.

"सेरि," म्हणाली. सेरि म्हणजे बरं.

"एकही नाही, अक्का. वाकडे आहेत ते राहू देत."

"सेरि म्हटलें ना मा!"

मी दुधाच्या सहा पिशव्या आगाऊ नेऊन दिल्या. रोज खाली डोकवावं वाटायचं, पण तिचा स्वभाव माहीत होता, म्हटलं उगाच बिघडेल. सातव्या दिवशी सकाळी पुळी जिन्यात खेळताना दिसली. तिच्या पंजात लाल दोऱ्याचा गुंता होता. आईनं सगळी गोधडी लाल दोऱ्यानंच शिवली होती.

मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. ती उंबऱ्याशी बसली होती. शेगडीवर वांगी शिजत होती, आणि चटईवर माझ्या आईची गोधडी सुटी पडली होती. नऊवारी वेगळी, धोतर वेगळं, माझा स्कर्ट वेगळा. टाका एकही नाही. सुपात लाल दोऱ्याचे तुकडे, आणि त्या सुपात मिळगा झोपलेली.

"अक्का!"

"वांकडे होते," ती म्हणाली. ‘शेंगा सोलत होते’ म्हणावं तसं.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कराडच्या बाजारात ऐकलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. चांडाळीण म्हटलं. कसाई म्हटलं. तुझ्या हातात सुई देणाऱ्याचं तळपट होवो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अगंतुगं केलं. शेजारच्या मामी गेटपाशी येऊन उभ्या राहिल्या. तुळजाक्कानं सगळं ऐकून घेतलं, वांग्यांत मीठ टाकलं, आणि म्हणाली, "अर्धी वांकडी, अर्धी सरळ गोधडी मी हातांतून सोडत नाहीं. तुला ठाऊक होतें. मग कां दिलीस?"

ठाऊक होतं मला. तेच तर मला सहन झालं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी आमच्या दाराशी गोधडी ठेवलेली सापडली. घडी घातलेली, धुतलेली, हिंगाचा वास येणारी. टाके असे की दृष्ट लागावी, आणि तेही लाल दोऱ्याचे, नव्या. मी ती उघडलीसुद्धा नाही. ट्रंकेत तळाशी घातली. तुळजाक्काशी बोलणं बंद केलं. भाड्याचं, पाण्याचं जे काही असेल ते नवरा बघायचा. जिन्यात ती दिसली की मी मान फिरवायचे. तिला त्याचं काही नव्हतं. ती पहिल्यासारखीच दूधवाल्यावर ओरडत होती, मांजरांना भात कालवत होती, लोकांच्या गोधड्या उसवत होती. एकदाही "चुकलें" म्हणाली नाही.

नवरा माझा भोळा आहे. एकदा जेवताना म्हणाला, "अगं, त्यांनी तो आईंचा दोरा टाकला नसेल. ते पोट भरतात ना कोपऱ्यात? तिथं घातला असेल. न सांगता."

मी म्हटलं, "ती? काहीतरीच!"

पण ते डोक्यात बसलं. आईचा दोरा त्या कोपऱ्यात असेल, बोटभर का होईना. तुळजाक्का बोलायची नाही, पण केलं असेल. वर्षभर मी तेवढ्यावर राहिले म्हटलं तरी चालेल. ट्रंक उघडावीशी वाटायची, आणि नको वाटायची.

मग पुण्याला बदली झाली. सामान बांधताना ट्रंक रिकामी करावी लागली आणि गोधडी हातात आली. म्हटलं, आता बघायचंच. ब्लेड घेऊन चौथ्या कोपऱ्याचं तोंड उसवलं. बोट आत घातलं. पालथी करून झटकली.

तांदळाचे सात दाणे पडले. आणि मांजराचा एक केस.

मी फरशीवर बसून राहिले. हसू आलं की रडू ते सांगता येत नाही. वर्षभर त्या बाईला मनातल्या मनात थोडं थोडं माफ करत आणलं होतं, आणि तिनं काय केलं होतं? जे सगळ्यांच्या गोधडीत करते तेच. दोरा मांजरांनी खेळून केरात गेला होता. मी माझ्यावरच चिडले.

ट्रक दुपारी यायचा होता. कोपरा उघडा ठेवून गोधडी बांधता येईना. दाणे उचलून परत आत टाकले, का ते विचारू नका, आणि सुई-दोरा शोधून तोंड शिवलं. जमलं तसं. मग गोधडी तशीच काखेत मारून खाली गेले. किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि एकदाचं तोंडावर सांगायचं होतं की अक्का, तुमच्यासारखं दगडी माणूस मी पाहिलं नाही.

ती उंबऱ्याशीच होती. वर्षभरात वाळली होती. चष्म्याला आता दोन्ही काड्यांच्या जागी दोरे. मी किल्ल्या समोर ठेवल्या, पण बोलायच्या आत तिचा हात गोधडीकडे गेला. सवयच ती. काठावरून अंगठा सरकला, कोपऱ्यापाशी आला आणि अडखळला.

"हें कोणीं शिवलें?"

"मी."

तिनं पुन्हा अंगठा फिरवला. डोळे मिटून.

"तुझ्या आईचा हात," म्हणाली.

"काहीतरी बोलू नका."

"काय काहींतरी? दोन बारीक, एक लांब. दोन बारीक, एक लांब. लांब टाका डाव्या अंगाला पडतो. तुझी आई तशीच शिवायची."

"आजारी होती ती. हात कापायचे."

"आजारानें नव्हे मा! आंतल्या थरापासून तसेंच होतें. हात कांपायला लागले शेवटच्या दोन ओळींत. सहा दिवस उसवत होत्यें मी, एकेक टाका पाहिला. तूं पाहिला होतास?"

नव्हता पाहिला. वाकडे आहेत एवढंच पाहिलं होतं. दोन बारीक आणि एक लांब, हे मला आईनं सातव्या वर्षी शिकवलं होतं आणि मी सुई टाकून पळाले होते, तेही मला तिथं, त्या दारात, तेव्हाच आठवलं.

तुळजाक्कानं गळ्यातली कात्री उचलली. मी झटकन गोधडी छातीशी ओढली.

"ओढूं नकोस. आण इकडें."

का कुणास ठाऊक, मी आणली. तिनं कोपरा चष्म्याजवळ नेला, लोंबणारं दोऱ्याचं टोक तेवढं कापलं, आणि माझे वाकडे टाके होते तसे ठेवून गोधडी माझ्या अंगावर टाकली.

"शी! काय शिवण ही," म्हणाली. "पो, जा आतां. माझें रसम उतूं चाललें."

मी नमस्कार केला नाही. तिनंही मान वर केली नाही. पाठमोरी होऊन ती पळी फिरवू लागली, तिच्या मांडीवरून उप्पू उतरली आणि पुळी चढली. ट्रकवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता, आणि मी गोधडीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून उभी होते. दोन बारीक, एक लांब.